चौदा नंबरची पानगळ

आई गेल्यावर एकविसाव्या दिवशी संत्रा संशोधन केंद्राच्या साहेबांनी मला तिथे बोलावून सांगितलं, की चौदा नंबरला आईचं नाव द्यायचं ठरलंय. शुक्रवारी कार्यक्रम. कुटुंबाची संमती म्हणून दादाची आणि माझी सही हवी होती. दादाने आधीच येऊन केली होती.

चौदा नंबर हा खुंट. संत्र्याचं झाड स्वतःच्या मुळांवर क्वचितच उभं असतं. एखाद्या चिवट जातीच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंबासकट सालीचा तुकडा, बांधतात. खालचं ते रोप म्हणजे खुंट, आणि पाण्यातलं किती मीठ वर पानांपर्यंत जाऊ द्यायचं हे त्याची मुळं ठरवतात. आई या केंद्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होती. शेवटची दोन वर्षं तिने वीस प्रकारच्या खुंटांना मोजून खारं पाणी घातलं, आणि दर महिन्याला पानं तोडून, वाळवून, दळून त्यांतलं क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, मोजलं. चौदा नंबरच्या पानांत ते सगळ्यांत कमी निघालं. याची मुळं मीठ दारातच अडवतात, असा निष्कर्ष साहेबांनी काढला. कार्यक्रमपत्रिका छापायला गेली होती.

सही करण्याआधी मी आईचं कपाट रिकामं करायला प्रयोगशाळेत गेले. तिथे काम करणाऱ्या ताई आईच्या हाताखाली तयार झालेल्या. कपाटात एक स्वेटर, कामावरच्या चपला आणि खाली दोन खण भरून खाकी पाकिटं. प्रत्येकावर कुंडीचा नंबर आणि तारीख, आत गळलेली पानं. ताई म्हणाल्या, यावरूनच साहेब त्यांना खारूताई म्हणायचे. खाली पडलं तो कचरा, झाडावर आहे ते मोजायचं, असा इथला शिरस्ता. आई खाली वाकली की सगळे हसायचे. आईही हसायची.

मी पाकिटं चाळली. निम्म्याहून अधिक एकट्या चौदा नंबरची होती.

"तो मीठ अडवत नाही," ताई म्हणाल्या. "खुशाल वर जाऊ देतो. पान मिठाने भरलं की गाळून टाकतो. मागे उरतात ती कोवळी, नुकती फुटलेली. आम्ही तीच मोजत बसलो."

आईने हे साहेबांना दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा ते बघू म्हणाले. मग ती आजारी पडली.

मी ताईंना पाकिटांतली पानं तपासायची विनंती केली. दोन दिवस त्या जेवणाची सुट्टीही न घेता दळत, गाळत, मोजत बसल्या. गळलेल्या पानांत झाडावरच्या पानांच्या पाचपट क्लोराइड होतं.

दादाला फोन केला. तो म्हणाला, आईचं नाव राहील गं, तू कशाला खोडा घालतेस. मी म्हटलं, चार वर्षांनी कुणाच्या तरी बागेतली झाडं पानं गाळून उघडी पडतील, आणि ते लोक नावाने बोटं मोडतील ते आईच्या. तो म्हणाला, तुला काय करायचं ते कर, मला त्यात ओढू नकोस. लहानपणापासून त्याचं हे असंच.

गुरुवारी सकाळी साहेबांसमोर बसले. त्यांनी चहा मागवला. मी ताईंचा कागद पुढे केला. त्यांनी तो भरभर वाचला. माहीत असलेली गोष्ट माणूस तशीच वाचतो.

पानगळ प्रत्येक प्रयोगात होतेच, असं त्यांनी मला समजावलं. शेवटी शेवटी तुझी आई जरा हळवी झाली होती, हेही सांगितलं. जिने तापात असतानाही तिसऱ्या दशांशापर्यंत आकडे लिहिले, ती हळवी. मी कप बशीत नीट मधोमध ठेवला.

"भावनेच्या भरात काही ठरवू नकोस," ते म्हणाले. "तिचा सन्मान आहे हा."

"मग तुमचं नाव द्या."

"काय?"

"चौदा नंबरला. आईच्या जागी तुमचं नाव छापा. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन."

ते हसले, आणि मग हसणं थांबवलं. पदावर असलेल्या माणसाचं नाव देत नाहीत, म्हणाले. नंतर, आपली तेवढी योग्यता नाही, म्हणाले. तिसरं कारण त्यांनी अर्ध्यावर सोडलं. मी वाट बघत राहिले. मला घाई नव्हती. घरी कुणी माझी वाट बघत नव्हतं.

शेवटी त्यांनी छापखान्याला फोन लावला आणि पत्रिका थांबवायला सांगितलं. पलीकडून कारण विचारलं असावं. बाईंच्या मुलीची मनःस्थिती अजून ठीक नाही, असं ते सांगू लागले.

"गळलेली पानं मोजायची राहिली, असं सांगा," मी म्हणाले.

त्यांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. त्यांनी हात काढला आणि ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं.

सही न करता मी बाहेर आले. एवढं एकच वाक्य आईला हवं होतं. त्यासाठी ती दोनदा त्या खोलीत गेली होती, आणि दोन्ही वेळा 'बरं साहेब' म्हणून परतली होती. पायऱ्या उतरताना मला तिचाच इतका राग आला, की कठडा धरून थांबावं लागलं. तिच्याशी भांडायचं होतं. घरी जाऊन, आत्ताच्या आत्ता, मोठ्या आवाजात.