ताटातले पाणी

सुजाण वाचकांस प्रथम नमस्कार करून असे जाहीर करतो की, पुढील मजकुरात कोणाही शूर पुरुषाचा पराक्रम नाही, राजवाडा नाही आणि युद्धही नाही. जळकोट गावचे वीरप्पा व त्यांचे नुकतेच बी. ए. झालेले चिरंजीव शरणप्पा यांनी निजाम सरकारच्या अमदानीत परंडे मुक्कामी एका दुपारी भोजन केले, एवढीच ही हकिकत आहे. परंतु माणसाचे सारे आयुष्य कधी कधी एका ताटात मावते, असे मला वाटत आल्यामुळे ती लिहिण्याचे धाडस केले आहे.

"आप्पा, एक सांगायचं व्हतं."

परंड्यात ते ज्यांच्याकडे उतरले होते, त्या शंकरप्पा आडत्यांच्या दुकानामागील खोलीत वीरप्पा खिडकीत आरशाचा तुकडा टेकवून पटका बांधत होते. पटक्याचे टोक दातांत धरलेले असल्यामुळे त्यांनी नुसता हुंकार दिला.

"तहसीलदारसाहेब म्हंजे लई मोठं घराणं हाय. हैदराबादचं."

वीरप्पांनी टोक दातांतून सोडले. "मग? म्या काय त्यांच्या दस्तरखानावर बैल सोडनार हाय का?"

"तसं न्हाय आप्पा." शरणप्पा शेरवानीची गळ्याजवळची गुंडी उगीचच काढून पुन्हा लावू लागले. "जेवन झाल्यावर आपन ताटात पानी घालतो ना... तेवढं तिथं नगा करू."

वीरप्पांचा हात डोक्यावरच थांबला.

वाचकांच्या माहितीसाठी सांगणे अवश्य आहे. शिवाची भक्ती करणाऱ्या त्या घराण्यात ताटात वाढलेले अन्न म्हणजे देवाचा प्रसाद मानीत. म्हणून जेवण संपले की ताटात पाणी ओतावे, बोटांनी चहूकडून ताट निपटून घ्यावे आणि ते पाणी पिऊन टाकावे. एक शीतही उष्टे म्हणून फेकले जाऊ नये, असा नियम. वीरप्पांनी तो तापाच्या ग्लानीत मोडला नव्हता आणि स्वतःच्या लग्नाच्या पंगतीतही मोडला नव्हता. त्या पंगतीत थट्टा करणाऱ्या मेव्हण्यांना त्यांनी, "तुमच्या भैनीच्या हातचं हाय, सांडू कसं?" असे उत्तर दिले होते, आणि त्यांची पत्नी, म्हणजे शरणप्पांची अव्वा, रुद्रम्मा ते उत्तर म्हातारपणीही लाजून सांगत असे.

"बरं," वीरप्पा म्हणाले. मग आरशात पाहतच त्यांनी विचारले, "तू करत न्हाईस का आता?"

"हैदराबादेत कोनीच करत न्हाय, आप्पा."

"म्या हैदराबादेचं न्हाय इचारलं."

शरणप्पा पुन्हा गुंडीशी चाळा करू लागले. पटक्याचा शेवटचा फेर वीरप्पांनी दोनदा सोडला आणि दोनदा बांधला.

हैदराबादेच्या विद्यापीठात शरणप्पा पुष्कळ शिकले होते, हे कबूल केले पाहिजे. थोर माणसाचे बोलणे मध्ये तोडू नये, रागावलेल्याशी हळू आवाजात बोलावे, आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगावे, असे कितीतरी चांगले गुण त्यांच्या अंगी तेथे बाणले. परंतु सर्वांत आधी ते जे शिकले, ते कोणी शिकविलेले नव्हते. वसतिगृहात पहिल्याच जेवणानंतर त्यांनी ताटात पाणी ओतले, तेव्हा शेजारी बसलेला नळदुर्गचा मकदूम अली खो खो हसला होता. "अरे यार, थाली धो रहा है या पी रहा है?" मकदूमचे मन निर्मळ होते. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच पेला भरून शरणप्पांच्या ताटाजवळ सरकवला आणि म्हणाला, "कल हँसी आ गई, भाई. तू कर, तेरा दस्तूर है." त्यावर शरणप्पांनी पेला दूर सारला व म्हटले, "हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं होता." मकदूमचे हसणे एका दिवसाचे होते. शरणप्पांची लाज मात्र तेथे राहावयास आली आणि त्यांच्याबरोबर बी. ए. झाली.

आता तहसील कचेरीत अहलकाराची, म्हणजे कारकुनाची, जागा मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हावयाचे होते. नोकरी कायम होणे तहसीलदारांच्या अभिप्रायावर होते, आणि त्यांनी नव्या पदवीधराला वडिलांसह भोजनास बोलाविले, हा लहान मान नव्हता.

तहसीलदारसाहेब दारापर्यंत सामोरे आले. अंगाने कृश, दाढी पांढरी, आवाज मऊ.

"आइए, आप्पासाहब, तशरीफ लाइए. खाना शंकरप्पा के घर से पकवाकर मँगवाया है. आप बेफिक्र रहिए."

"कशाला तरास घेतला, सरकार," वीरप्पा हात जोडून म्हणाले, आणि परक्या चुलीवरच्या अन्नाची धास्ती सरून त्यांचा चेहरा मोकळा झाला.

पांढऱ्या चादरीवर ताटे मांडली. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, आमटी आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर. गौराबाईंनी, म्हणजे शंकरप्पांच्या कुटुंबाने, हुग्गीत गूळ सढळ हाताने घातला होता.

"लडका कैसा है आपका?" साहेबांनी विचारले.

"शाना हाय, सरकार. नियतीचा चांगला हाय. फकस्त सकाळचं उठवावं लागतंय."

शरणप्पांचे कान लाल झाले. साहेब मनापासून हसले. "हमारे दफ्तर में सबको उठाना पड़ता है, आप्पासाहब. दोपहर में भी."

भोजन आनंदात झाले. वीरप्पांनी दुष्काळाच्या, बैलांच्या, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायाने भाकरीचे गाठोडे सोडून कसे हुंगले त्याच्या गोष्टी सांगितल्या. साहेबांना मराठी पुरते येत नव्हते, पण ते बरोबर ठिकाणी हसत होते. शरणप्पांच्या मनावरचे ओझे उतरू लागले.

मग वीरप्पांचे जेवण संपले. त्यांचा उजवा हात सवयीने तांब्याकडे गेला.

तो अर्ध्यावर थांबला. क्षणभर तसाच अधांतरी राहिला, जणू कोणाच्या घरात शिरता शिरता दार लावलेले दिसावे. मग वीरप्पांनी तो परत घेतला आणि धोतराच्या घोळात मांडीखाली झाकून ठेवला. ताटाच्या कडेला हुग्गीचा ओला वेढा होता, मधोमध आमटीचे चार थेंब होते. त्यांनी ताटाकडे पाहिले नाही. छताकडे पाहत ते मोठ्याने म्हणाले, "झ्याक झालं, सरकार. लई झालं."

आपल्या वडिलांचा आवाज खोटा असा शरणप्पांनी जन्मात प्रथमच ऐकला.

नोकर ताटे उचलावयास आला. त्याने एक ताट उचलले, आणि दुसऱ्यासाठी वाकला.

"थांबा," शरणप्पा म्हणाले.

त्यांनी वडिलांचे ताट आपल्याकडे ओढले. तांब्यातले पाणी ओतले. बोटांनी हुग्गीचा वेढा सोडविला, आमटीचे थेंब त्यात मिसळले, आणि दोन्ही हातांनी ताट तोंडाला लावून ते सर्व पाणी प्याले. शेरवानीवर थोडे सांडले.

"ये क्या दस्तूर है?" साहेबांनी विचारले. स्वरात नाराजी होती की कुतूहल, ते कळेना.

शरणप्पा शुद्ध उर्दूत म्हणाले, "हुजूर, हे आमच्या घरचे आहे. अन्न हा प्रसाद, तो टाकायचा नाही. वडील रोज करतात. आज मीच त्यांना करू नका म्हणून सांगितले होते. तुमच्यापुढे मला त्याची लाज वाटली."

त्या शुद्ध उर्दूतले सारे शब्द वीरप्पांना कळले नाहीत. पण मुलगा काय बोलला असावा हे कळले असावे, कारण त्यांनी मांडीखालचा हात बाहेर काढला.

साहेबांनी समोरच्या आपल्या रिकाबीकडे, म्हणजे ताटलीकडे, पाहिले. "हमारे वालिद मरहूम उंगलियों से रिकाबी साफ करते थे," ते म्हणाले. "एक दाना नहीं छोड़ते थे. हम भी करते थे. नौकरी लगी, फिर..." नोकराने त्यांची रिकाबी उचलण्यास हात पुढे केला, तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटले.

परतताना दोघे पेठ ओलांडून निघाले. किल्ल्याच्या बुरुजाशी आल्यावर वीरप्पा म्हणाले, "माझ्या ताटातलं तू कशाला प्यालास? येडा का खुळा?"

"तुमचं ताट तसंच उठलं असतं, आप्पा."

"आनि तुझं?"

शरणप्पा जागीच उभे राहिले. नोकराने प्रथम उचलून नेले ते ताट त्यांचे स्वतःचे होते.

वीरप्पांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. उद्यापून रोज जेवायचं हाय की, बाबा. एका दिसात कुठं निपटतंय समदं?" आणि जरा चालून म्हणाले, "अव्वाला सांगू नगंस. मला हसंल ती, हात लपवला म्हनून."

रात्री झोपण्यापूर्वी त्यांनी मुलाला बजावले, "सकाळच्या मोटारीनं म्या कुर्डुवाडीला जातो, तितनं आगगाडीनं गावाकडं. तू अड्ड्यावर येऊ नगं. पयल्याच दिशी कामावरनं उठून आलास, तर लोक म्हनतील, बी. ए. झालं पन बापाचं बोट न्हाय सुटलं."

दुसऱ्या दिवशी शरणप्पा कचेरीत हजर झाले. लांब दालनात सतरंजीवर ओळीने कारकून मंडळी बैठी मेजे पुढे घेऊन बसली होती. साहेबांपुढे कागद मांडणाऱ्या वृद्ध पेशकारांनी नव्या माणसाला खिडकीशेजारची जागा दिली. अजून साहेब यावयाचे होते, म्हणून कोणी पान लावीत होते, कोणी लेखणी साफ करीत होते.

इतक्यात रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. कुर्डुवाडीची मोटार धूळ उडवीत कचेरीवरून निघाली. मागच्या बाकावर वीरप्पा बसले होते. एका हाताने दांडी धरली होती, दुसऱ्याने मांडीवरचे गाठोडे सांभाळले होते. मुलाच्या कामात व्यत्यय नको म्हणून त्यांनी तोंड मुद्दाम पलीकडे फिरविले होते.

विद्यापीठात गुरुजन समोरून गेले की विद्यार्थी बसून राहत नसत. शरणप्पा उठून उभे राहिले. टाचा जुळविल्या, हात सरळ सोडले.

शेजारच्या पेशकारांनी ते पाहिले. साहेब आले असे समजून तेही लगबगीने उठले. त्यांना पाहून पलीकडचे उठले. कोणी पान गालात दडविले, कोणी गुंडी लावली. आणि बघता बघता सारी कचेरी खिडकीकडे तोंड करून अदबीने उभी राहिली.

मोटार वळणावर गेली. पाठमोऱ्या वीरप्पांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

लिहिणाऱ्याला शाळा थोडी लाभली. शब्दांत काही उणे राहिले असल्यास ते माझे समजावे, आणि गोड लागले असल्यास ते त्या बापलेकांचे. आपला वेळ देऊन येथवर आलेल्या प्रत्येक वाचकाचे उपकार मानतो.

आपला नम्र,
श्रीमंत बिराप्पा घोडके, जळकोट