कोऱ्या बाटलीचा निकाल

सगळ्या गावाचं दूध बिघडलंय हे तपासनीसबाईंना मंगळवारी अकरा वाजता कळलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडा आनंदच झाला. वीस वर्षं नोकरी केली, पण यंत्रानं असा निकाल कधी दिला नव्हता. अकरा गोठ्यांचं दूध आणि अकराही बाटल्यांत लुडबुड्या.

लुडबुड्या हे प्रयोगशाळेतलं लाडाचं नाव. प्लास्टिक मऊ करायला आणि सुगंध टिकवायला वापरतात ते हे रसायन. पोटात गेलं की शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात नाक खुपसतं. बाईंचं त्याच्याशी हाडवैर. त्यांच्या खोलीत प्लास्टिकचं पेनसुद्धा नाही. हातमोज्यांतूनही तो झिरपतो, म्हणून मोजे बंद. हात दहादा धुवायचे आणि उघड्या हातांनी काचेची बुचं लावायची. साहेब एकदा अत्तर लावून दारात आले, तर बाईंनी त्यांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं.

बुधवारी त्यांनी बाजारातलं तूप तपासलं. त्यात सापडला. तांदळात, तेलात, मधातही सापडला. बाईंनी घरचं दूध बंद केलं. सासूबाई कोऱ्या चहाचा घोट घेऊन सुनेकडे अशा बघायच्या, की त्यापुढे चहा गोड वाटावा.

शुक्रवारी अकरांपैकी एक दूधवाली प्रयोगशाळेत येऊन बाकावर बसली. बाकीचे दहा जण घरी बसून बोटं मोडत होते. निकालावर सही होईपर्यंत सगळ्यांची विक्री बंद होती, आणि सही झाली की गोठेच बंद होणार होते.

"माझ्या सहा गाई आहेत, बाई," ती म्हणाली. "प्लास्टिकची बादली माझ्या दारात नाही. मग दुधात आलं कुठून?"

"यंत्र खोटं बोलत नाही."

"बोलत नसेल. त्याला विचारणारं माणूस चुकत असेल."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चार वाजता सही करते म्हणाल्या आणि तपासणीची शेवटची फेरी लावायला आत गेल्या.

दर फेरीला दुधासोबत एक कोरी बाटली असायची. आत नुसतं शुद्ध पाणी, बाकी सोपस्कार सगळे दुधाचेच. त्या पाण्यात लुडबुड्या निघाला, तर चोर प्रयोगशाळेतच आहे असं समजायचं. काम सोपं, म्हणून ते नेहमी मदतनीस मुलगी करायची, आणि तिची बाटली नेहमी स्वच्छ निघायची. दुधाला मात्र बाई दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. आज मुलगी दाढदुखीनं घरी होती. बाईंनी कोरी बाटली स्वतःच भरली.

पाण्यात लुडबुड्या निघाला. दुधात होता तितकाच.

बाईंनी पुन्हा पाणी भरलं. पुन्हा तेच. मग त्यांनी सावकाश स्वतःची बोटं नाकाशी नेली. गुलाबाचा वास. सारखं धुवून हात फुटले होते, रक्त यायचं. म्हणून गेल्या रविवारी नणंदेनं मलमाची डबी दिली होती. रोज निघताना चोपडून यायच्या. कितीही धुतलं तरी ते भेगांत बसून राहायचं. वास टिकवणारा लुडबुड्या त्या मलमातच असणार.

त्यांनी साहेबांना बोलावलं. दोन्ही हात पाठीमागे धरून बाई तोंडानं सूचना देत राहिल्या, आणि पंधरा वर्षांत काचेच्या भांड्याला न शिवलेल्या साहेबांनी धापा टाकत दोन बाटल्या लावल्या. एक कोरी, एक दूधवालीच्या दुधाची. दोन्ही स्वच्छ निघाल्या.

"उरलेले दहाही उद्या असेच निघतील," साहेब घाम पुसत म्हणाले. "यंत्र बिघडलं होतं असं लिहू. यंत्राला कुठे अब्रू असते?"

बाईंना ते फार म्हणजे फारच आवडलं. पण दाराच्या काचेतून तो बाक दिसत होता.

"नको," त्या म्हणाल्या. "खरं बोलणारं इथे ते एकटंच होतं."

बाहेर जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना लाज वाटली.

"वासरं पिऊन पिऊन कंटाळली, तेव्हा चार दिवस दूध मोरीत ओतलं मी," दूधवाली म्हणाली.

"मी कागदावर लिहून देते. चूक माझी म्हणून."

"कागद गल्लीत कोण वाचतं? सकाळी सहाला या. लोकांना तुमच्या तोंडून ऐकू दे."

बाई गेल्या. गोठ्याच्या दारात, शेणाच्या ओल्या वासात उभ्या राहिल्या. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागल्या, दूध चांगलं होतं, दोष माझ्या हातांचा होता. पहिल्या दोघांना तर ऐकूच गेलं नाही, पुन्हा सांगावं लागलं. एका आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरून आजींनाही घेऊन आले, त्यांच्यासाठी पहिल्यापासून परत सांगा म्हणाले. एक बाई भांडं रिकामंच घेऊन परत गेली. पण दहाव्या गिऱ्हाइकाला आवाज कापायचा थांबला, आणि पंधराव्याला त्या मलमाच्या डबीसकट सगळं सांगू लागल्या.

दूधवाली मान खाली घालून दूध मापत होती. मग तिनं पायानंच एक स्टूल बाईंकडे सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "अजून निम्मी गल्ली यायची आहे."