गोपालची बुटकी गाडी

बहीण रागिणीला आपल्याच गाडीतून सासरी सोडायचं, म्हणून राजापेठेतल्या गोपालनं स्वस्तातल्या स्प्रिंगा टाकून गाडी ऐटीत खाली बसवली. इतकी, की मुंग्यासुद्धा खालून मान वाकवून जायच्या.

पाठवणीला मागं नवरानवरी अन् दोन करवल्या बसल्या. रीतीप्रमाणं चाकापुढं नारळ ठेवला. चाकानं तो फोडायचा सोडून आत ढकलला, अन् गाडीचं पोटच त्यावर टेकलं.

"काहून रे गोपाल, गाडी अंडे उबवून राहिली काय?" मामा म्हणाले.

"रागिणी, उतरू नको, निघतेच आता!"

शेवटी ती सासरच्या जीपमधून मूर्तिजापूरला गेली. वळणावर तिनं दादासाठी हात हलवला, तो आम्ही सगळ्यांनी पाहिला. गोपाल तेवढा पालथा पडून गाडीखालचा नारळ ओढत होता.