भट्टीवरची बदली

“आईची पाळी कितव्या वर्षी थांबली?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“पन्नाशीला. सगळ्यांसारखी, वेळेवर,” शेजारी बसलेल्या आईकडे न बघताच लेकीने सांगून टाकलं. आईच्या वतीने बोलायची तिची ही सवय लहानपणापासूनची, आणि एरवी आईला तिचं कौतुकच वाटायचं.

“मग घाई नाही. परगावच्या नोकरीवर खुशाल जा, मुलाचं तीन वर्षांनी बघू. पाळी थोडी मागेपुढे होतेय खरी, पण या बाबतीत लेकी बहुतेक आईच्याच वळणावर जातात. रक्तातूनच येतं ते.”

लेकीचा जीव भांड्यात पडला. आईच्या तोंडचं पाणी मात्र पळालं.

तिची पाळी छत्तिसाव्या वर्षीच गेली होती, आणि तिने त्याबद्दल कुणाजवळ ब्रही काढला नव्हता. तेव्हा ती बेकरीत पाव पाकिटात भरायची. ऐन थंडीत अंगातून वाफा निघायच्या, कपाळावरून घाम ओघळायचा आणि सोबतच्या बायका टकामका बघत राहायच्या. शेवटी तिने मालकाकडे भट्टीवर बदली मागितली. “अहो बाई, लोक भट्टीवरून सुटका मागतात. डोकं ठिकाणावर आहे ना?” मालक म्हणाला. ठिकाणावर होतं म्हणून तर मागितली! भट्टीसमोर सगळेच घामाघूम, तिथे एकीच्या घामाकडे कोण बघतं? पुढे लेकीला पाळी आली. तेव्हापासून दुकानातून दर महिन्याला दोघींची पॅडची पाकिटं यायची आणि आईचं पाकीट गुपचूप लेकीच्याच खणात जायचं. पन्नाशी आल्यावर “संपलं गं बाई एकदाचं” असं म्हणून तिने हे नाटक आवरतं घेतलं.

मधल्या काळात काय कमी ऐकलं? सासूने दुसऱ्या मुलाचा धोशा लावला, तेव्हा ती “एक पुरे” म्हणाली. हिला संसारापेक्षा भट्टी प्यारी, असं सासू येईल-जाईल त्याला सांगत सुटली. नवरा रुसला, मग त्याने विषयच सोडला. भाऊ हवा म्हणून लेकीने जमिनीवर लोळण घेतली. तिने सगळं पोटात ठेवलं. हट्टी म्हणवून घेणं तिला चाललं. भर उमेदीत आटलेली बाई म्हणवून घेणं मात्र सोसलं नसतं.

“चल आई,” लेक उठली.

“थांब. डॉक्टरीणबाई, तेवढं खोडा. छत्तीस लिहा.”

लेक हसली. “काहीतरीच काय! मला आठवतंय ना सगळं.”

“मी दाखवलं तेवढंच आठवतंय तुला.”

आणि टेबलाच्या कडेवर नजर ठेवून तिने सगळं सांगितलं. भट्टी, घाम, पाकिटं, काही शिल्लक ठेवलं नाही. आवाज हलला नाही, फक्त कानशिलं तापली होती.

“बरं झालं बोललात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मग तीन वर्षं थांबून चालायचं नाही. आजच रक्त तपासू, नोकरीचं नंतर ठरवा. अजून वेळ आहे.”

लेक पुन्हा खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, “म्हणजे मी भावासाठी रडायचे तेव्हा...”

“तेव्हा माझ्या हातात काही उरलंच नव्हतं, बाळा.”

“मी दुष्ट म्हणाले होते गं तुला.”

“म्हणालीस तर म्हणालीस. तेवढं झेपलं मला. कीव केली असतीस ना, तर मोडलेच असते.”

लेकीने तिचा हात घट्ट धरला. आता काहीही लपवायचं उरलं नाही, या विचाराने आईला फार हलकं वाटलं.

“आणि तुमच्या आईची कधी थांबली होती?” डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं.

ती सांगायला गेली आणि थबकली. ती शाळेत असताना तिची आई थंडीच्या दिवसांतही ओला टॉवेल मानेवर टाकून उघड्या दारात बसायची. भावंडं हसायची. “वेड लागलंय का गं तुला?” असं तर तीच म्हणायची. आईही सगळ्यांबरोबर हसायची. तेव्हा आईने चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “मी कधी विचारलंच नाही.”

स्वतःचं सांगताना कोरडे राहिलेले तिचे डोळे आता भरून आले. तिच्या आईने तिला कळू दिलं नाही, तिनेही आईला कळू दिलं नाही, आणि आता विचारायला आई नव्हती.