मंजुळाबाईंनी क्लच सोडला

मी टाकळमाळच्या सयाजी येळवंड्यांचा ट्रॅक्टर बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतो, राग मानू नका. डिझेलवर वाढलेल्याचा आवाज असाच असतो.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. त्याच दिवशी माझी पुष्कळ भावंडं जन्मली, सगळी एका रंगाची, एका तोंडवळ्याची. मला न्यायला सयाजी फेटा बांधून आले. वाटेत भेटेल त्याला थांबवून त्यांनी पेढा दिला. घरी पोचलो तेव्हा दारात त्यांच्या पत्नी मंजुळाबाई ओवाळायला उभ्या होत्या आणि पेढ्यांचा पुडा रिकामा होता.

"अवो, सगळ्या चाकणला वाटलं, आन् घरात?"

सयाजींनी पुड्यातला चुरा त्यांच्या तळहातावर ठेवला. मला तेव्हाच वाटलं, या घरात मजा येणार.

टाकळमाळ दीडशे उंबऱ्यांचं गाव. एका अंगाला भामा नदी, दुसऱ्या अंगाला कंपनीची लांबच लांब भिंत, आणि मधे बटाटा, बाजरी, कांदा. घराघरात एकाच खुंटीला विळाही असतो आणि कंपनीचं ओळखपत्रही. लातूर-बीडकडून आलेली पोरं इथं खोल्या घेऊन राहतात, आणि गावातल्या म्हाताऱ्या त्यांना 'अरं, जेवला का?' असं रस्त्यात अडवून विचारतात. नाही म्हणाला तर भाकरी मिळते, हो म्हणाला तरी मिळते.

सयाजी मला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. त्यांचा मुलगा गणराज शाळेत असताना एकदा गुपचूप सीटवर बसला. "उतर खाली! अभ्यास कर!" सयाजी कडाडले. पोरानं खरोखर अभ्यास केला आणि कंपनीत लागला. तिथं म्हणे तो बटणं दाबून भलेमोठे यांत्रिक हात नाचवतो.

मग सयाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली आणि माझा मुक्काम चिंचेखाली हलला. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं होऊ लागली. माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. तिची तक्रार नाही, ती निदान रोज यायची.

एका दुपारी मंजुळाबाई अंडं घ्यायला आल्या. इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला आणि हातात अंडं धरून सरळ सीटवर चढून बसल्या. मोकळ्या हातानं स्टिअरिंग धरलं आणि तोंडानं 'डुर्रर्र' केलं. माझा मडगार्ड शहारला!

नेमकी तेव्हाच दीक्षा कामावरून परतत होती. विहाराशेजारच्या ज्ञानदेव कांबळ्यांची ही लेक. कुरुळीच्या एका गोदामात ती फोर्कलिफ्ट चालवते, मणामणाचे खोके उचलून माळ्यावर ठेवते.

"काकू, शिकायचाय का?"

"मी? अगं, साठी गाठली मी."

"मग बरंच की. बसूनच चालवायचाय."

झालं! सयाजी जेवून आडवे झाले, माझ्यापेक्षा मोठ्यानं घोरू लागले की शिकवणी सुरू व्हायची. बॅटरी बदलली, डिझेल आलं आणि दोघी मला नदीकडच्या पडीक रानात नेऊ लागल्या.

पहिला दिवस काय सांगू! मंजुळाबाईंनी क्लच असा सोडला की मी बेडकासारखी उडी मारली. समोर बुजगावणं होतं, ते माझ्या नाकाडाला अडकलं. आम्ही तिघं, म्हणजे मी, त्या आणि ते बुजगावणं, रानाला दोन फेऱ्या मारून आलो. थांबायचं कसं तेच त्यांना आठवेना. "हो... हो... थांब की रं बाबा!" असं त्या मला बैलासारखं चुचकारत होत्या. मागून दीक्षा ओरडत पळत होती, "काकू, ब्रेक! पायाखाली!" ब्रेक सापडला तेव्हा तिघी-चौघी बाया बांधावर पोट धरून हसत होत्या. मंजुळाबाई सगळ्यांत जास्त.

पंधरा दिवसांत त्या सरळ रेघेत तास धरू लागल्या. मग आधार कार्डाचं काम आहे असं घरी सांगून दीक्षासोबत गेल्या आणि शिकाऊ लायसन घेऊन आल्या. सयाजींना याचा गंधही नव्हता.

आणि मग तो चैत्रातला दिवस आला. रानात कांदा काढून पडलेला, वर्षाचं पीक. दुपारी अचानक पश्चिमेला आभाळ काळं झालं. कांदा भिजला की सडला, हे टाकळमाळमध्ये पाळण्यातलं पोरही सांगेल. साठवायची बराख घराजवळ, म्हणजे कंपनीच्या मोठ्या रस्त्यापलीकडे. टेम्पो किंवा भाड्याचा ट्रॅक्टर, एकही मोकळा नाही. गणराजचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये. सयाजी काठी टेकत अंगणात येरझाऱ्या घालू लागले.

"आता कुणाला बोलवायचं गं?"

"कुनाला न्हाई," मंजुळाबाई म्हणाल्या आणि खुंटीवरची किल्ली घेतली.

"अगं, अगं!" करत सयाजी काठी टेकत मागे निघाले. मी सुरू झालो, ट्रॉली ओढत रानाकडे निघालो, आणि त्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा मागे टाकलं.

सून विजयश्री आणि शेजारणींनी गोण्या भरल्या, ट्रॉली शिगोशीग झाली. परत निघालो तेव्हा साडेतीन वाजले होते. पहिली शिफ्ट सुटायची वेळ! रस्त्यावर बस, कंटेनर, दुचाक्या यांची नुसती जत्रा. मंजुळाबाईंनी मला चढावर घातलं आणि ऐन रस्त्याच्या मधोमध मी बंद पडलो.

खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो. दोन्ही बाजूंनी हॉर्न. वर गडगडाट.

इतक्यात पुढच्या बसमधून गणराज उतरला. निळ्या गणवेशात धावत आला.

"आये! तू? उतर खाली, मी घेतो."

"तुला येतो का?"

यांत्रिक हात नाचवणारा माझा गणराज एकदा माझ्याकडे बघत होता, एकदा आईकडे.

"न्हाई," तो हळूच म्हणाला.

"मग बाजूला हो. दीक्षे, कुठं हाईस?"

दीक्षा कामावरून परतताना त्याच गर्दीत मागे अडकली होती. स्कूटी आडवी लावून, चमकत्या जाकिटात ती रस्त्यात उभी राहिली, दोन बोटं तोंडात घालून तिनं अशी शिट्टी घातली की कंटेनरवालाही जागच्या जागी थांबला. "काकू, पहिला गिअर! घाई नको!"

मंजुळाबाईंनी दीर्घ श्वास घेतला, सेल मारला आणि क्लच सोडला. असा अलगद, जसं झोपलेलं लेकरू कुशीतून खाली ठेवावं. मी हललो. बसमध्ये टाळ्या कडकडल्या. एक लातूरचा पोरगा खिडकीतून ओरडला, "राव, उतरा की! आमच्याकडं बी असाच भिजला होता कांदा!" आणि बस रिकामी झाली.

पुढचा तास मी कधी विसरणार नाही. तीस-पस्तीस माणसं गोण्या भरतायत, खांद्यावर टाकतायत, गाणी म्हणतायत. मी चार खेपा केल्या. शेवटची गोणी बराखीत पडली आणि टपटप गारा सुरू झाल्या. मंजुळाबाई अंगणात गारा वेचून पोरांसारख्या तोंडात टाकत होत्या.

सयाजी काठी टेकत पुढे आले.

"चढ दुसऱ्या गिअरमदी काढत न्हाईत," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "म्हनून बंद पडला तो."

"व्हय का? मग इतकी वर्सं मला सांगायला काय झालं हुतं?"

सयाजी नुसते हसले, आणि डोळे पुसायला गारांचं निमित्त होतंच.

आता माझी चाकं रोज फिरतात. मंजुळाबाईंचं पक्कं लायसन आलंय. गावातल्या सहा बाया माझ्यावर शिकतायत, आणि साप्ताहिक सुट्टीला गणराजसुद्धा. त्याचा क्लच अजून उडी मारतो, पण जमेल. म्हणून एक विनंती आहे. या बाजूच्या रस्त्यावर एखादा म्हातारा ट्रॅक्टर रेंगाळताना दिसला, तर लगेच हॉर्न वाजवू नका. सीटवर कुणीतरी शिकत असेल.

बरं, निघतो, रानात जायचंय. सयाजी शेजारी बसलेत, एक हात माझ्या पत्र्यावर घट्ट, आणि दर दहा पावलांवर ओरडतायत, "हळू, मंजुळे, हळू!" मंजुळाबाई ऐकत नाहीत. मीही ऐकत नाही.