चादरीखालचा कमोड

मी कमोड बोलतोय. हसलात ना? हसा. मलाही माझी लाज वाटते, पण तुम्ही समजता त्या कारणानं नाही.

दुकानात होतो तेव्हा मी मोठ्या ऐटीत असायचो. एक दिवस एक गृहस्थ म्हाताऱ्या आईला घेऊन आले. आईचे गुडघे धरलेले, उकिडवं बसवत नव्हतं. तिनं माझ्यावर बसून पाहिलं आणि म्हणाली, "हा छान आहे रे." मी फुलून गेलो.

घरी आलो तो थेट दिवाणखान्यात येऊन पडलो. गृहस्थांनी घराचं नूतनीकरण काढलं होतं, तेही स्वतःच्याच देखरेखीखाली. "कामावर मॅनेजर कशाला? मी काय मेलोय?" असं बायकोला ठणकावलं होतं. खालचा संडास फोडून झाला आणि तिथेच घोडं अडलं. प्लंबर म्हणे आधी फरशी, फरशीवाला म्हणे आधी पाइप. गृहस्थ मात्र छतातले दिवे निवडण्यात दंग.

माझ्यावर फुलाफुलांची चादर आली, चादरीवर कुंडी. पाहुणे विचारत, "टेबल नवीन घेतलंत वाटतं?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाकीचे वरच्या मजल्यावरच्या संडासात जात. आईला जिना चढवत नसे. ती पिशवीत टॉवेल लपवून शेजारच्या घरी जायची, तीही माझ्या समोरून.

शेवटी बायकोनं परस्पर एका प्रोजेक्ट मॅनेजर बाईंना बोलावलं. गृहस्थ सोफ्यावर ताठ बसून त्यांची परीक्षाच घेऊ लागले.

"मोठं काम आहे. झेपेल ना तुम्हाला?"

"बघून सांगते. सगळ्यात आधी काय हवंय?"

"छत! छतातले दिवे!"

तेवढ्यात आई परतली. "कुठे जाऊन आलात, आजी?" बाईंनी सहज विचारलं.

आईनं पिशवी पाठीमागे घेतली. "शेजारी. पेपर वाचायला."

पिशवीतून ओल्या टॉवेलचं टोक लोंबत होतं. लेकाची अब्रू झाकायला आई खोटं बोलतेय, हे गृहस्थांना कळलं. ते उठले. कुंडी खाली ठेवली आणि चादर ओढली.

"पेपर नाही हो." ते म्हणाले. "संडासला जाते ती, लोकांकडे. आणि मी हा इथे झाकून ठेवलाय."

बाईंनी माप घ्यायचा टेप काढला. "छत राहू दे. प्लंबर आणि फरशीवाला, दोघांना मी एकदमच बोलावते. पण सूचना मी देणार, तुम्ही नाही. कबूल असेल तर घेते काम."

"कबूल," गृहस्थ पुटपुटले.

आता मी माझ्या जागी आहे. शेजारी धरायला भक्कम दांडाही बसवलाय. छत अजून दिव्यांविना उघडंच आहे. पण लाज काही गेली नाही. रोज सकाळी आई टॉवेल घेऊन येते, माझ्या दाराशी थबकते आणि शेजाऱ्यांकडे लागलेल्या सवयीनं हळूच विचारते, "मी जाऊन येऊ का? कुणाला घाई नाही ना?"

"तुझंच घर आहे गं, आई," म्हणत गृहस्थ मान खाली घालतात.

घर सजवायला काढणाऱ्यांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या माणसाला असं विचारायची सवय लागायच्या आत मला बसवा.