प्लास्टिकमधली पृथ्वी

"बाई, मळणी बंद करा! भुसा उडून माझ्या स्क्रीनवर बसतोय!"

शाळेचे मोठे सर कुंपणाची तार धरून ओरडत होते. माझं खळं शाळेच्या भिंतीला लागून. गहू मशीनला घातला की भुसा उडणारच, तो काय मला विचारून उडतो? मी म्हटलं, "सर, स्क्रीनवर प्लास्टिक लावलंय ना तुम्ही?"

"अहो, त्या प्लास्टिकवर बसतो!"

आता ह्यापुढं काय बोलायचं, सांगा. गावात ह्यांना झाकणमास्तर म्हणतात ते उगाच नाही. घरात खुर्च्यांना प्लास्टिक, गाडीच्या सीटला प्लास्टिक. छत्री भिजेल म्हणून पावसात पिशवीत ठेवणारा माणूस! शाळेला बोटानं चालणारी मोठी स्क्रीन मिळाली, तर ह्यांनी त्याच दिवशी तिच्यावर जाड प्लास्टिक ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. पाहुणे आले की चालू करायची, फोटो काढायचा, बंद करायची. पोरांनी त्यात आजवर स्वतःची तोंडं सोडून काही पाहिलं नाही.

आणि माझी भाची नेमकी ह्याच शाळेवर शिकाऊ मास्तरीण म्हणून आली. राहायला माझ्याकडे. तिचा शेवटचा पाठ त्याच स्क्रीनवर व्हायचा होता, परीक्षक बघायला येणार होत्या. नापास झाली तर माझा भाऊ तिला परत नेऊन कोंबड्यांच्या शेडवर बसवणार होता. "शिकवायचीच हौस असेल तर कोंबड्यांना शिकव," म्हणाला. भाऊ माझाच, पण देव अक्कल वाटत होता तेव्हा हा झोपला होता.

सर तिला स्क्रीनजवळ फिरकू देईनात. मग पोरीनं काय करावं? माझ्या धान्याच्या खोलीच्या दारावर खडूनं पृथ्वीचा भला मोठा गोल काढला नि त्यावर बोटं फिरवत बसायची.

"अशानं पृथ्वी फिरते होय गं?" मी म्हटलं.

"फिरते आत्या. बोट टेकवून सरकवायचं. इकडं दिवस, तिकडं रात्र."

"आणि दार उघडलं की?"

"की तू दळणाचे गहू काढतेस," म्हणून हसली. पण डोळे हसत नव्हते. "ते प्लास्टिक काढू द्या म्हणून विचारलं मी. सर म्हणाले, हात लावलास तर शेराच वाईट देतो."

पाठाच्या दिवशी सकाळपासून गरम वारं सुटलं होतं, माती नाकातोंडात जात होती. मी मशीन बंद ठेवलं. सरांसाठी नाही हं, पोरीसाठी. शाळेच्या खिडकीखाली बसून विळ्यानं पेंढ्यांचे बंध कापत राहिले आणि कान आत ठेवले.

पोरगी छान बोलत होती. मग म्हणाली, "आता आपण पृथ्वी फिरवू या." बोट टेकवलं, सरकवलं. पृथ्वी जागची हलेना. पुन्हा सरकवलं. प्लास्टिक चुरचुरलं, तेवढंच. पोरं खिदळायला लागली. सूर्य-चंद्र कुणासाठी थांबले नाहीत, पण झाकणमास्तरांनी पृथ्वी थांबवून दाखवली!

परीक्षकबाईंनी पेन उघडलं. "सराव दिसत नाही तुमचा."

"मी सांगून दमलो मॅडम," सर लगेच म्हणाले. "ह्या पोरींना मोबाईल चाळता येतो, बाकी शून्य."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून उभी राहिले, तोंड उघडणार, तेवढ्यात भाचीच खिडकीशी आली. चेहरा पांढराफटक, पण हात पुढं केला.

"आत्या, विळा दे."

मी दिला. विचारलंसुद्धा नाही.

"अहो, अहो! काय करताय!" सर किंचाळले. तोवर तिनं कडेची चिकटपट्टी वरपासून खालपर्यंत चिरली आणि प्लास्टिक ओढून काढलं. त्यावरचा माझा भुसा सरांच्या बुटांवर पडला. तिनं बोट टेकवलं, आणि पृथ्वी अशी गरगरली की मागच्या बाकावरची पोरगी ओरडली, "बाई, बाई, आपल्याकडं रात्र झाली!" मग काय, एकेक पोर पुढं येऊन दिवस उगववायला लागलं. सर मात्र दाराशी उभं राहून म्हणत होते, "आधी हात धुऊन या रे!"

पोरगी पास झाली. आणि परीक्षकबाई जाताना सरांना काय म्हणाल्या? "स्क्रीन अगदी नव्यासारखी जपलीत हो!" तेव्हापासून हा माणूस छाती फुगवून गावभर तेच सांगत हिंडतोय. घ्या!

भावाचा फोन आला. "पास झाली? मग शेडवर कोण बसणार?"

"तू बस," मी म्हटलं नि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मोठे सर पुन्हा कुंपणाशी. ह्या वेळी आवाज मऊ.

"बाई, ते प्लास्टिक कुठं गेलं हो?"

मी खळ्याकडं बोट केलं. भुशाच्या ढिगावर ते नीट पसरलं होतं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून.

"तुम्हीच म्हणत होता ना, भुसा उडतो म्हणून? झाकलाय."

जन्मात पहिल्यांदाच झाकणमास्तरांना झाकलेलं बघून वाईट वाटलं.